मांडव्याच्या पाट्या

हापिसात मांडव्याचं नाव काढलं की कोणी ना कोणी 'अग्निपथ'मधल्या अमिताभचा आवाज काढतंच. सिनेमा १९९० चा, पण लोकांच्या डोक्यातून काही जात नाही. माझ्यासाठी मात्र मांडवा म्हणजे मामाचं गाव. खरं तर मामाचं घर जेट्टीपासून बरंच आत आहे, पण लहानपणी गेटवेला लाँचमध्ये बसलो की "मांडव्याला चाललो" असंच सांगायचो. ते अजून तसंच चालू आहे.

मे महिन्यात एका विकांताला जाऊन आलो. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हटलं लिहून टाकावी.

तुम्ही इतक्यात तिकडे गेला असाल तर पाट्या पाहिल्या असतीलच. जेट्टी सोडली की सुरूच. प्रायव्हेट पूल, चार बेडरूम, समुद्र पाच मिनिटांवर (पाच मिनिटं कशाने, ते लिहिलेलं नसतं). रिक्षात बसून बोटांवर मोजायला लागलो. चोंढी यायच्या आत दोन्ही हातांची बोटं संपली आणि नाद सोडला. बरं, त्यातल्या काही पाट्या मी दोन वर्षांपूर्वीही पाहिल्या होत्या. रंग उडालाय, फोन नंबर तोच.

संध्याकाळी ओटीवर चहा घेताना दादानं (माझा मामेभाऊ) विषय काढला. मामाची वीस गुंठ्यांची वाडी आहे. नारळ, सुपारी, एक विहीर आणि मागे घर. दादाचं म्हणणं, पुढच्या भागात दोन व्हिला बांधायचे. जमीन आपलीच, परवानग्यांचं तो बघेल. बांधायला दीड कोटीचं कर्ज काढायचं, वाडी तारण ठेवायची आणि सहकर्जदार म्हणून सही करायची मी. कारण पगाराची स्लिप माझ्याकडे आहे!

"शेजारच्यानं साडेचार कोटीला लावलाय," दादा म्हणाला.

"लावलाय, की गेला?"

"जाईल की!"

इथेच गाडी अडली.

दादा वेडा नाहीये, हे आधीच सांगतो. त्यानं जे पाहिलं ते खरं आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली आणि मुंबईकर आपली गाडी बोटीत घालून तासाभरात मांडव्याला उतरायला लागला. पेण-वडखळवरून शंभरच्या वर किलोमीटर हाकायची गरज संपली. मग कोविड, घरून काम. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना अंगणवालं घर हवंसं झालं. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. मामाची निम्मी झाडं गेली. सुपारी पुन्हा धरायला वर्षं लागतात, त्यामुळे बऱ्याच जणांनी तेव्हा जमीन विकली. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू उघडला. म्हणजे दरवेळी काहीतरी कारण मिळत गेलं आणि भाव चढत गेले. रेवस-करंजा पुलाचं तर अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय. तो होईल तेव्हा अजून चढतील, असं दादा म्हणतो.

पण एक गंमत बघा. भाव चढलेले पाहून माणूस आज ठरवतो, की बांधू. जमीन, परवानग्या, बांधकाम यात दोन-तीन वर्षं जातात. आणि तोच भाव पाहून आणखी बऱ्याच जणांनी तेच ठरवलेलं असतं. मग सगळ्यांची घरं एकदमच तयार होतात. टोमॅटोचं जे होतं तेच, फक्त टोमॅटो चार दिवसांत सडतो आणि व्हिला सडायला वेळ लागतो.

दादाचा दुसरा मुद्दा असा, की "सरासरी भाव वाढतोच आहे ना! एजंटची यादी बघ." मी यादी बघितली. (एकच व्हिला चार एजंटांच्या नावाने चारदा होता, ते डुप्लिकेट आधी काढले.) मग त्याला वहीच्या पाठकोऱ्या पानावर समजावलं. आकडे समजण्यापुरतेच आहेत. समजा दहा घरं विकायला आहेत, आठ ८० लाखांची आणि दोन ४ कोटींची. सरासरी आली १ कोटी ४४ लाख. वर्षभरात स्वस्तातली सहा गेली. उरली चार, दोन ८० लाखांची, दोन ४ कोटींची. आता सरासरी २ कोटी ४० लाख! कोणी एक रुपयाही भाव वाढवलेला नाही, आणि महाग घर एकही विकलं गेलेलं नाही. तरी यादी म्हणते भाव वाढला. पाटीवर दिसतं ते विकलं न गेलेलं घर. जे विकलं गेलं त्याची पाटी उतरते.

आमच्या धंद्यात लिटलचा नियम म्हणून एक प्रकार आहे. जॉन लिटल नावाच्या माणसानं १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. सर्व्हरवर किती रिक्वेस्ट तुंबल्यात आणि दर सेकंदाला किती निकालात निघतात हे कळलं, की प्रत्येकीला सरासरी किती थांबावं लागेल ते भागाकारानं निघतं. घरांनाही हाच भागाकार. ४० फ्लॅट पडलेत आणि महिन्याला १० जातात, तर चार महिने. ४० व्हिला पडलेत आणि महिन्याला २ जातात, तर वीस महिने. पाट्या वाढल्या आणि गिऱ्हाईक तेवढंच राहिलं, तर थांबणं वाढणार.

आता दीड कोटी, ९ टक्के व्याज. महिन्याला एक लाख साडेबारा हजार नुसतं व्याज. वीस महिने थांबलो तर साडेबावीस लाख, आणि मुद्दल जागच्या जागी.

"मग बाकीच्यांना परवडतं ते कसं?" दादानं विचारलं. प्रश्न बरोबर होता. मलाही उत्तर बोलता बोलताच सापडलं. बाकीच्यांचं राहतं घर मुंबईत आहे. मांडव्याचा व्हिला वीस महिने नाही गेला तर ते विकांताला येऊन पूलमध्ये पोहतील. भाव कमी करायची त्यांना घाई नाही, म्हणून तर पाट्यांचा रंग उडेपर्यंत साडेचार कोटी साडेचार कोटीच राहतात. आपलं राहतं घर ह्याच वाडीत आहे. त्यांच्याकडे थांबायची ताकद आहे, आणि आपण ती व्याजानं विकत घेणार.

मामा इतका वेळ सुपारी कातरत बसला होता. म्हणाला, "आमचे आजोबा चरीच्या संपात होते."

नव्या वाचकांसाठी सांगतो. चरी हे अलिबाग तालुक्यातलंच गाव. १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं तिथल्या आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, जमीन कसणंच बंद केलं. संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये खोती रद्द करायचं विधेयकही त्यांनी मांडलं. पुढे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळं मालक झाली. वाडीच्या सातबाऱ्यावर मामाच्या वडिलांचं नाव लागलं ते असं.

"सहा वर्षं थांबले ते," मामा म्हणाला. "उपाशी थांबले. पण जमीन सुटेल अशी भीती नव्हती, कारण ती आपली नव्हतीच. आता आपली आहे." एवढंच बोलला आणि उठून आत गेला.

मी सही केली नाही.

दादा चिडला. "शिकलेली माणसं फक्त भीती घालतात," म्हणाला. मी म्हटलं, कर्ज न काढता मागच्या दोन खोल्या नीट करू, भाड्याने देऊ, माझे चार लाख घाल. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एरवी मला जेट्टीवर बाईकवरून सोडायला येतो. ह्यावेळी मामानं रिक्षा बोलावली आणि पिशवीत पांढऱ्या कांद्याची माळ घातली.

आता खरं सांगू? दादा बरोबरही असू शकेल. दोन्ही व्हिला महिन्यात जातील आणि मी आयुष्यभर बोलणी खाईन. भागाकार सरासरी सांगतो, एका घराचं काय होईल ते सांगत नाही. पण चुकलो तर शेजारच्याचा एक विकांत जाईल आणि मामाची वाडी जाईल. हे दोन तोटे मला एका रकान्यात मांडता येईनात.

हिशोबाची शीट दादाला पाठवलीये. दोन निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही. असो. गणपतीला जाणारच आहे, गेटवेच्या लाँच बंद असल्या तर रो-रोने. तेव्हा समोरासमोर बोलू. तोवर त्यानं फोन उचलला तर बरं.