अकरा कोंबड्या आणि एक काळा गॉगल
मावशीला ठाण्याला यायला पटवायचं, एवढंच काम होतं. पण मध्ये कोंबड्या आल्या...

सकाळचे पावणेपाच. पुण्यात असते, तर दुसऱ्या कुशीवर वळायची ही वेळ. इथे आचऱ्याला मावशीच्या पडवीत मात्र कानाशेजारी अशी काही बांग बसते, की मोबाइलच्या अलार्मने राजीनामाच द्यावा. स्नूझ वगैरे भानगड नाही.

‘‘ऊठ गो, कोंबे सोड,’’ आतून मावशीचा आवाज.

मावशीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. धूळ, धूर आणि वाकणं डॉक्टरांनी बंद केलं होतं. त्यामुळे मी आठ दिवसांची रजा टाकून मालवण तालुक्यातल्या या गावी हजर झाले. रजेला आणखी एक छुपा अजेंडा होता. माझा ठाण्याचा मावसभाऊ निघताना म्हणाला होता, ‘‘तुझं ऐकेल ती. कोंबड्या विकून टाक म्हणावं आणि कायमची इकडे ये.’’ मी म्हटलं, एवढंच ना? क्लायंटला पटवते रोज, मावशीला नाही पटवणार?

पहिल्याच सकाळी माझं इंडक्शन झालं. मावशी काळा गॉगल लावून पडवीतल्या खुर्चीवर, मी अंगणात. खुराड्याचं दार उघडायचं, पण समोर उभं राहायचं नाही, नाहीतर पंखांचा फटकारा थेट तोंडावर. मग करवंट्यांमध्ये ताजं पाणी. ‘तीऽ तीऽ तीऽ’ करत मूठमूठ कणी फेकायची, तीही एका जागी नाही, लांबवर. एका जागी टाकली तर दांडग्या दोघी खातात आणि बाकीच्या बघत बसतात.

कोण आधी खाणार, कोणाला टोचा पडणार, हे सगळं ठरलेलं असतं. नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब या अभ्यासकाने कोंबड्यांमधली ही उतरंड १९२१ साली शास्त्रीय पद्धतीने मांडली. मावशीला त्याचं नाव माहीत नाही, पण तिची ‘काळी’ सगळ्यांची बॉस आहे आणि ‘भुंडी’ला कोपऱ्यात वेगळी कणी टाकावी लागते, हे ती डोळे मिटूनही सांगते. आपल्या ऑफिसमध्ये अशी कोपऱ्यात वेगळी कणी टाकणारं कोणी असतं का हो?

एकूण स्टाफ अकरा. एक कोंबडा, दहा कोंबड्या. त्यातली एक खुडूक होऊन माजघरातल्या टोपलीत नऊ अंड्यांवर बसलेली. ती रजेवर नाही, फुलटाइम ड्यूटीवर असते. एकवीस दिवस! दिवसातून एकदा दहा-पंधरा मिनिटं उठते, खाते, पिते, राखेत लोळून येते आणि परत बसते. सातव्या रात्री मावशीने दिवे घालवायला लावले आणि एकेका अंड्याखाली माझ्या मोबाइलचा टॉर्च धरायला सांगितला. सात अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा दिसल्या. दोन स्वच्छ, रिकामी. ती बाजूला काढली. इतका महागडा फोन घेतल्यापासून त्याचा इतका चांगला उपयोग मी कधी केला नव्हता.

दुपारी अंडी शोधायची. एक अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात, त्यामुळे कोंबडीची शिफ्ट रोज थोडी पुढे सरकते आणि मग एक दिवस खाडा पडतो. फार्मवरची कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. गावठीची मजल साठ-ऐंशीपर्यंत. म्हणजे परफॉर्मन्स रिव्ह्यूमध्ये मावशीच्या सगळ्याजणी नापास! पण त्या दिवसभर स्वतःचं पोट स्वतः भरतात, पिल्लं स्वतः काढतात आणि घार आली की कोंबड्याच्या एका आवाजावर जास्वंदीखाली गायब होतात.

अंड्यांचे पैसे एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात जातात. त्यातून मोबाइलचा रिचार्ज होतो, भिशी भरली जाते. ऑपरेशनला जातानाचं रिक्षाभाडंही त्यातूनच गेलं. दादा दर महिन्याला पैसे पाठवतो, ते बँकेत पडून आहेत. ‘‘ते त्याचे,’’ मावशी म्हणते. डबा तिचा.

मोजलंस?

चौथ्या संध्याकाळी माझा कॉल होता. नेटवर्क फक्त वरच्या बांधावर, फणसाखाली. ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणून सुरू झालेला कॉल साडेसातला संपला. काळोख पडला होता. कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरतात, आपण फक्त दार लावायचं. मी धावत येऊन दार लावलं आणि जेवायला बसले.

सकाळी दार उघडलं, तर नऊच बाहेर आल्या. टोपलीतली धरून दहा. तांबडी नव्हती. काजूच्या झाडाखाली पिसं पडली होती.

‘‘काल मोजलंस?’’ मावशीने विचारलं. मी गप्प.

‘‘कोल्हो असतलो,’’ ती म्हणाली आणि करवंटीकडे बोट दाखवलं. पाणी बदलायचं राहिलं होतं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. दुपारी मी पाचशेची नोट पुढे केली. तिने गॉगल वर करून नोटेकडे नाही, माझ्याकडे बघितलं. ‘‘पैसे नको. आज मोज.’’

तांबडी पहिल्यांदाच अंड्यावर आली होती. गेल्या पावसाळ्यात मावशीने सरकारी दवाखान्यातून औषध आणवून तिच्या नाकात लशीचे थेंब घातले होते. मानमोडी नावाचा रोग आला, की दोन दिवसांत खुराडं रिकामं होतं. या रोगाचं डॉक्टरी नाव राणीखेत. होय, उत्तराखंडातलं तेच हिल स्टेशन! त्यातून वाचवलेली कोंबडी माझ्या एका कॉन्फरन्स कॉलने घालवली.

शेवटच्या संध्याकाळी एकदाचा मी ठाण्याचा विषय काढला. लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ, नातवंडं आहेत, वगैरे सगळं प्रेझेंटेशन दिलं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘गावपळणीक आमी काय काय नेतांव, म्हायत असा?’’

गावपळण ही आचऱ्याची जुनी रीत. तीन-चार वर्षांनी कधीतरी रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. घरांना कुलपं, माणसं झोपड्यांमध्ये. बरोबर गुरं, कुत्री, मांजरं आणि कोंबड्यासुद्धा. मावशी मागच्या खेपेला डालग्यात सगळ्या कोंबड्या घालून गेली होती. माणसांच्या झोपडीआधी त्यांचा आडोसा बांधला होता.

‘‘देवान पण माका कोंबे सोडून ये म्हणान सांगल्यान नाय,’’ मावशी म्हणाली. ‘‘मगे तुझो दादा कोण?’’

माझं प्रेझेंटेशन तिथेच संपलं. मी उठले आणि खुराड्यापाशी जाऊन मोजलं. नऊ. टोपलीत एक. दार लावलं, कडी दोनदा बघितली.

दादाला रात्री फोन केला. ‘‘काय म्हणाली?’’

‘‘यायला तयार नाही. आणि मी परत विचारणार नाही.’’

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘तांबडी गेली म्हणे. लहानपणी माझ्या हातून दोन गेल्या होत्या.’’

निघताना मावशीने लाडवाच्या डब्यात भाताचं तूस घालून सहा अंडी दिली. पुण्यापर्यंत एकही फुटलं नाही. नऊ दिवसांनी, ऐन मीटिंगमध्ये तिचा फोन आला. बाहेर येऊन घेतला. ती काहीच बोलली नाही, फोन नुसता टोपलीपाशी धरला होता. चिवचिव चिवचिव.

‘‘किती?’’ मी विचारलं.

‘‘सहा. मोजलंय,’’ मावशी म्हणाली.

कसं जाल? : मुंबईहून रात्रीची कोकणकन्या पकडा, सकाळी कणकवलीला उतरा, पुढे एसटी किंवा रिक्षा. रामेश्वराचं मंदिर, खाडी आणि समुद्रकिनारा निवांत बघा. गावपळणीचे तीन दिवस मात्र टाळा. गावात कुणी भेटणार नाही. कोंबडीसुद्धा नाही.