तक्रार कुणाकडे करायची?

चि. मृण्मयीस,



तुझी लांबलचक मेल तुझ्या मामीने छापून हातात दिली. तुझ्या नव्या फाँटमधल्या एका ‘क्ष’वर तू एवढे दिवस घालवलेस आणि ऑफिसातल्या कुणीतरी “वाचणाऱ्याला काय फरक पडतो?” म्हणून विचारलं, ते तुला लागलं. पण त्याहून जास्त लागलंय ते दुसरंच. फाँट कंपनीच्या नावाने बाजारात जाणार, तुझं नाव कुठेच नाही. “मामा, मग माझं असं मागे काय राहणार?” उभा जन्म प्रुफं तपासण्यात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न विचारतेस म्हणजे कमाल आहे! आमचं काम दिसतं ते चुकलं तरच.

तरी उत्तर देतो. तुझ्याच धंद्यातलं देतो.

जावजी दादाजी चौधरी हे नाव तू ऐकलं असशील. जन्म १८३९चा. घरची गरिबी, शिक्षण जेमतेम. लहान वयात मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये छपाईचे खिळे घासायला लागले. पुढे १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. आधी खिळे, मग छापखाना, हा क्रम ध्यानात घे. त्यांना छापायचं होतंच, पण त्याआधी अक्षर मनासारखं हवं होतं. ते अक्षर कोरलं राणोजी रावजी आरू यांनी.

तू संगणकावर एक बिंदू सरकवतेस आणि नाही पटलं तर मागे घेतेस. ठसा कोरणाऱ्याला ती सोय नव्हती. पोलादाच्या कांडीच्या टोकावर, पुस्तकातल्या छापील अक्षराएवढ्या आकारात, अक्षर उलटं कोरायचं. मधूनमधून ते टोक दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळी बसवायची, कागदावर दाबून बघायचं, पुन्हा कानस घ्यायची. जास्त घासलं गेलं तर पोलाद परत भरता येत नाही. नवी कांडी घ्यायची. जमलेला ठसा तांब्यात ठोकला की साचा तयार, आणि त्या साच्यात शिसं, कथील आणि अँटिमनीचा रस ओतून खिळे पाडायचे. मराठीला असे ठसे शेकड्यांनी लागतात. जोडाक्षरं वेगळी, रफार वेगळा. मात्रा-वेलांट्यांचे नाजूक खिळे तुटायचे, ती कटकट निराळीच.

१८८६पासून निर्णयसागरने ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथमाला काढली. संस्कृत ग्रंथांसाठी विद्वान आजही ‘निर्णयसागर आवृत्ती’ म्हणून तिचा हवाला देतात. त्या ग्रंथांवर काशिनाथ पांडुरंग परब, वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर अशी संपादकांची नावं असतात. योग्यच आहे. छापखान्याचं नाव तर असतंच. आरूंचं नाव मात्र मी हाताळलेल्या एकाही मुखपृष्ठावर मला दिसलेलं नाही. ज्यांनी मुद्रणाचा इतिहास चाळला त्यांनाच ते ठाऊक.

इथे एखादा म्हातारा तुला सांगेल, बघ, काम राहिलं, नाव गेलं, हीच खरी धन्यता. मला हे पटत नाही. नाव झाकण्यात कसला आलाय मोठेपणा? बहुतेक वेळा तो मालकाच्या सोयीचा असतो. निर्णयसागर हे नाव का चाललं? पाठ चुकला तर कुणाला धरायचं हे लोकांना माहीत होतं म्हणून. नाव घालणं म्हणजे हात वर करून “हे मी केलंय, बोला” म्हणणं. तसं म्हणायची तयारी असलेला माणूस एका ‘क्ष’वर दिवस घालवतो. आणि असलाच माणूस मला छापखान्यात हवा असायचा.

र. कृ. जोशींचं बघ. कवी, अक्षरकार. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ फाँट त्यांचा. आपल्या दिवंगत पत्नीचं नाव त्यांनी त्याला दिलं. सरकारी कचेऱ्यांतून रोज किती कागद त्या अक्षरात निघतात, त्याला गणती नाही. टंकलेखनाच्या परीक्षार्थींच्या तोंडी ते नाव असतं. कागदावर मला मंगल फारसा रुचत नाही, तो पडद्यासाठी घडवलेला आहे. पण आवडत नाही हे कुणाच्या नावाने म्हणायचं, ते मला ठाऊक आहे ना!

तेव्हा साहेबांशी भांड. फाँटच्या फाइलमध्ये, माहितीपत्रकात, जिथे मिळेल तिथे नाव घालून घे. आताच घे, फाँट बाहेर गेल्यावर कुणी दाद देणार नाही.

आणि नाव घालणार असशील तर पहिली तक्रार माझी लिहून घे. तू पाठवलेला नमुना मामीने लहान अक्षरात, साध्या कागदावर छापून दिला. ‘क्ष’ची गाठ शाईने भरतेय, ‘पक्षी’ शब्दात तिथे नुसता ठिपका दिसतो. आतली पोकळी थोडी मोकळी कर. ‘ज्ञ’ मात्र झकास जमलाय, त्याला हात लावू नकोस. सुधारलेला ‘क्ष’ पोस्टाने पाठव, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर छापून पाठव.

तुझा,
मामा