सेउ, देले आणि आपलं

पोर्तुगीज शिकवताना ‘सेउ’ या सर्वनामावर माझा कायम राग असायचा. त्याचा, तिचा, त्यांचा, शिवाय ज्याला ‘व्होसे’ म्हणायचं त्या समोरच्याचाही. इतक्या जणांची मालकी हा एकटा सांगतो. जुआंव मारियाला म्हणाला, की ‘ओ सेउ कार्रो’ बिघडलाय. आता गाडी जुआंवची, मारियाची, ऐकणाऱ्याची की आणखी कुणाची?

मग मी वर्गात मराठीचा तोरा मिरवायचो. ‘तिचा भाऊ’, ‘तिची बहीण’: यातला ‘ति’ मालकीण दाखवतो आणि ‘चा-ची’ भाऊ-बहीण. पोर्तुगीजमध्ये भाऊ असला की सेउ, बहीण असली की सुआ. मालक बाई की पुरुष, पत्ताच नाही. म्हणून मुलांना मी सरसकट ‘देले’, ‘देला’ वापरायला लावायचो. ‘दे’ म्हणजे चा. त्याला ‘एले’ (तो) किंवा ‘एला’ (ती) जोडायचं आणि नामाच्या मागे ठेवायचं. ‘ओ इर्मांव देला’, तिचा भाऊ. संशयाला जागा नाही.

माझं मत पालटलं ते मराठीतल्याच ‘आपला’मुळे. ‘आपली गाडी कुठे लावलीय?’ हे नवऱ्याने बायकोला विचारलं तर गाडी दोघांची; दरवानाने पाहुण्याला विचारलं तर पाहुण्याची. ‘त्याने आपली गाडी विकली’ यात तर ती त्याची स्वतःचीही असेल किंवा तुमची-आमचीही. आपण कधी अडखळतो? बोलणारा कोण, ऐकणारा कोण, यावरून सगळं कळतं. ही सवलत मराठीला देऊन पोर्तुगीजला नाकारायची, हा पक्षपात होता.

मग दिसायला लागलं, की पोर्तुगीज बोलणाऱ्यांनी कामं वाटून घेतली आहेत. ब्राझीलच्या बोलण्यात ‘सेउ’ बहुधा समोरच्याचा असतो, तिसऱ्यासाठी ‘देले’ येतो. पोर्तुगालमध्ये ओळखीच्याला ‘तू’ म्हणायचं, मग त्याचं ते ‘तेउ’. आणि जिथे शंकाच नाही, तिथे मालकी सांगतच नाहीत. हात धुतले तर नुसतं ‘हात धुतले’. डोकं दुखलं तर वाक्याची घडण ‘मला डोकं दुखतंय’ अशी. हात ‘माझे’ असल्याचं सांगायची सवय आपल्या मुलांना लागते ती इंग्रजीतून. मराठीत विचार केला तर अर्धा धडा त्यांना आधीच येत असतो.

म्हणून हल्ली मी षष्ठीचा तक्ता पहिल्या दिवशी फळ्यावर लिहीत नाही. आधी हात धुवायला, टोपी घालायला शिकवतो, मग मेउ-मिन्या (माझा-माझी), आणि ‘देले’ तेव्हाच, जेव्हा गोष्टीत दोन माणसं येतात आणि गाडी एकच असते. मात्र करारनाम्याचा मसुदा करायची वेळ आली, तर आजही मी ‘देले’च लिहीन. तिथे समोरासमोर बसून ‘कुणाची?’ असं विचारणारं कुणी नसतं.