घाटमाथ्यावरून, रात्री

बुलढाण्याहून उत्तरेला कोठेही जायचे म्हटले की प्रथम घाट उतरावा लागतो. मलकापूरकडे राजूर घाट, खामगावकडे बोथ्याचा घाट. उतरताना सायकलस्वाराला जे सुख मिळते ते परतताना घाट व्याजासह वसूल करतो. जुन्या वऱ्हाडात वरच्या पठाराला बालाघाट आणि खालच्या पूर्णेच्या सपाटीला पयानघाट म्हणत. हे दोन्ही प्रदेश गेली काही वर्षे मी दिवसापेक्षा रात्रीच अधिक पाहिले आहेत आणि पन्नाशीकडे झुकलेल्या प्राध्यापकाने हे का करावे, असा प्रश्न मला मिस्सेनंतर चर्चच्या आवारात अनेकदा विचारला जातो.

मूळ कारण म्हणजे ‘ब्रेव्हे’ हा प्रकार. फ्रान्समध्ये रुजलेल्या या परंपरेत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पुरे करायचे असतात. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. ही शर्यत नव्हे. पहिला आलेला आणि मुदतीच्या शेवटच्या मिनिटाला पोहोचलेला, दोघांनाही सारखेच मानले जाते. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो आणि मनातून पहाटे आलेल्या मजुरांचीच बाजू घेतो. मी मात्र शेवटच्या तासाला येणाऱ्यांपैकी असल्याने मला त्या मळ्याच्या धन्याचा न्याय फार आवडू लागला आहे.

आमच्या विदर्भाला या खेळाचे वावडे नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्याआधी २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी तीच शर्यत जोडीने पार पाडली होती. ही माणसे डॉक्टरीचा व्यवसाय सांभाळून सराव कसा करीत असतील, हे कोडे मला त्यांच्या पराक्रमाहून मोठे वाटते.

माझ्यापुरते उत्तर रस्त्याने दिले. माझे महाविद्यालय चिखलीला, घर बुलढाण्यात. अंतर सुमारे तेवीस किलोमीटर. बसचा पास सोडून सायकल धरली, तेव्हा आठवड्याला सव्वादोनशे किलोमीटर कोणाकडूनही वेळ न मागता पदरात पडू लागले. सदरा आणि पँट महाविद्यालयाच्या कपाटात, डबा पाठीवर. प्राचार्यांना प्रथम ते शोभले नाही, पुढे सवय झाली.

परंतु चारशे किलोमीटरमध्ये एक अख्खी रात्र येते, आणि रात्रीचा सराव दिवसा होत नाही. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराची ऊब उतरते, भूक मरते, रस्त्याकडेचा दगड बसलेल्या माणसासारखा दिसू लागतो. तासातासाला केळे किंवा गूळ-शेंगदाणे घशाखाली ढकलावेच लागतात. हे पुस्तकातून कळते, अंगात मात्र मुरत नाही.

येथे आमच्या घरातील अडचण सुरू होते. माझ्या आईचे उजवे अंग पक्षाघाताने गेले आहे. अंथरुणाच्या जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते. पत्नी परिचारिका, तिच्या रात्रपाळीत हे काम माझे. म्हणजे मी बाहेर पडू शकतो ते तिच्या विश्रांतीच्या रात्रीच. माझ्या सरावाचा प्रत्येक किलोमीटर तिच्या झोपेतून कापला जाणार, हा हिशेब आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात बसून स्पष्टपणे मांडला. तिने नकार दिला नाही. महिन्याला दोन रात्री, त्या दोन रात्री आईपाशी माझी धाकटी बहीण, आणि सकाळी सहाच्या आत घरी, असे ठरले. शिवाय अपघात विभागात काय काय येते ते रोज पाहणाऱ्या बाईने एक प्रश्न विचारला, “तुम्हांला रस्ता दिसतो की नाही, हे मी विचारीत नाही. ट्रकवाल्याला तुम्ही दिसता का, तेवढे सांगा.”

तेव्हापासून मागे दोन लाल दिवे असतात, एक बिघडला तरी दुसरा राहावा म्हणून. अंगात परावर्तक जाकीट, आणि दोन्ही घोट्यांना चमकते पट्टे. पट्ट्यांमागे शास्त्र आहे. खालीवर होणारे घोटे पाहताच चालकाला, पुढे खांब नव्हे, माणूस आहे, हे ओळखू येते.

माझी नेहमीची फेरी चिखलीमार्गे मेहकर आणि परत, सुमारे सव्वाशे किलोमीटर. मेहकरजवळून समृद्धी महामार्ग जातो; तेथे सायकलीला प्रवेश नाही, आणि मला त्याचे दुःखही नाही. जुन्या रस्त्याला सोबत असते. शेतीची वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते, त्यामुळे हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेला शेतकरी रात्री एक वाजताही बॅटरी घेऊन बांधावर दिसतो. एकाने मला थांबवून विचारले, “काय झालं भाऊ, कोणी आजारी हाये का?” सराव करतो आहे, असे सांगितल्यावर तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या जागरणाला पर्याय नव्हता, माझ्या जागरणाला होता. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

बोथ्याच्या रस्त्याला मी रात्री जात नाही. तो ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो आणि अस्वले व बिबटे तेथील खरे रहिवासी. तिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून अधिक भटकून २०१९च्या डिसेंबरात तेथे पोहोचला होता. तोही बहुधा रात्रीच चालत असे. लांब पल्ल्याचा असा सराव आमच्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केल्याचे मला ठाऊक नाही!

सायकलस्वारांना आपल्या धर्मसभेने आश्रयदात्रीही दिली आहे. इटलीत कोमो सरोवराजवळच्या घाटमाथ्यावर गिझाल्लोच्या मातेचे छोटे चर्च आहे. पोप बाराव्या पायस यांनी १९४९ साली तिला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. तेथे विजेत्यांच्या सायकली ठेवलेल्या आहेत. पण मला जवळचा वाटतो तो जिनो बार्ताली. १९३८ आणि १९४८ साली ‘टूर दे फ्रान्स’ जिंकणारा हा श्रद्धावान कॅथलिक महायुद्धाच्या काळात, ज्यूंना वाचवण्यासाठी बनवलेली ओळखपत्रे सायकलच्या नळीत दडवून फ्लॉरेन्स आणि असिसीच्या दरम्यान नेत असे. अडवलेच तर उत्तर तयार होते : सराव चालला आहे. हयातीत त्याने याची वाच्यता फारशी केली नाही. २०१३ साली, त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला. त्याच्या सायकलच्या नळीत माणसांचे प्राण होते; माझ्या पिशवीत पंक्चरचे सामान असते. तुलना करण्याचे धाडस मी करीत नाही.

फेरीहून परतल्यावर सायकल लावतो, हात धुतो आणि आईची सहाची कूस मीच बदलतो. तिची जीभ अजून जड आहे. “कुठवर?” एवढेच ती विचारते. मी गावांची नावे उलट्या क्रमाने सांगतो, मेहकर, चिखली, आणि ती प्रत्येक नावाला ओठ हलवते. लग्नानंतर ती या रस्त्याने एसटीने आली होती.

पुढच्या महिन्यात माझी पहिली चारशेची ब्रेव्हे आहे. शनिवारी सकाळी सहाला सुटेल आणि मुदत रविवारी सकाळी नऊला संपेल. आमच्या लहानशा धर्मग्रामात रविवारची मिस्सा सकाळीच असते, म्हणून फादरांना विचारले. ते म्हणाले, “जेथे संपवाल त्या शहरात संध्याकाळची मिस्सा असते. आधी झोपा, मग जा. नाहीतर प्रवचनात घोराल.” पत्नीने त्या दोन दिवसांची रजा टाकली आहे. बहिणीला मात्र अजून विचारायचे आहे.