अर्धी घरटी

सुगरणीचं पुरं झालेलं, लांब नळीचं घरटं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मुंबईतल्या कितीतरी दिवाणखान्यांत ते शोभेला टांगलेलं दिसतं. मला लहानपणापासून ओढ होती ती त्याच्या शेजारच्या अर्ध्या घरट्यांची. अलिबागजवळच्या किहीमला आमच्या वाडीत, विहिरीवर वाकलेल्या माडाच्या झावळ्यांना ती पावसाळ्यात लटकायची. खालून उघडी, मधोमध एक आडवी पट्टी. आजी सांगायची, नर त्या पट्टीवर बसून झोके घेतो आणि आत चिखलाचा गोळा लावून त्यात काजवे खोचतो, पिल्लांना उजेड व्हावा म्हणून. चिखल खरोखरच असायचा. काजवा मात्र मला कधी सापडला नाही.

या अर्ध्या घरट्यांचं कोडं आमच्याच गावात बसून एका बेकार माणसाने सोडवलं होतं, हे शाळेत गेल्यावर कळलं. तो माणूस म्हणजे सालिम अली. विद्यापीठाची पदवी नाही. ब्रह्मदेशात तवॉयला घरच्या लाकडाच्या आणि खाणीच्या धंद्यात काही वर्षं काढलेली, मुंबईत परतून दावर कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकलेला. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना प्राणिविभाग समजावून सांगण्याची नोकरी लागली. मग रजा काढून ते बर्लिनला पक्षितज्ज्ञ श्ट्रेझेमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकायला गेले आणि १९३० मध्ये परत येतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला राहायला आले, आणि हातात वेळच वेळ असल्यामुळे सुगरणींकडे बघत बसले.

त्यांनी पाहिलं ते असं. विणकाम जवळजवळ सगळं नराचं. भाताच्या पात्यांच्या, माडाच्या झावळीच्या चिरफळ्या आणून तो घरटं अर्ध्यावर आणतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरून तपासणी करतात. एखादीला पसंत पडलं तरच तो खोली आणि नळी पुरी करतो. मग ती अंड्यांवर बसली की दुसरं घरटं विणायला घेतो. नापसंत पडलेली तशीच लोंबत राहतात. १९३१ मध्ये हे निरीक्षण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं.

पुढे नोकरीची वाट न बघता त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर अशा संस्थानांपुढे वेगळाच प्रस्ताव ठेवला: मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च तुम्ही करा, पक्ष्यांची पाहणी मी बिनपगारी करतो. कुठल्याही जाहिरातीत नसलेलं काम त्यांनी असं उभं केलं आणि ते पसंत करणारेही शोधले.

माझं स्वतःचं पहिलं काम मांडवा बंदरावर लाँचच्या तिकीट खिडकीत. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद, म्हणजे आमची खिडकीही बंद. ते महिने मी मामाच्या गावी, पेणजवळच्या हमरापूरला, गणपतीच्या कारखान्यात जायला लागले. आधी मूर्ती घासणं, मग पितांबराचा रंग, आणि हात बसल्यावर आखणी. आखणी म्हणजे डोळे. भुवईची रेघ एका दमात ओढावी लागते. मध्ये थांबलं तर तो थांबा भक्तालाही दिसतो.

माझे वडील, नाना, वैतागायचे. "एक काहीतरी धर गं बाई." स्वतः ते वाडी शिंपायचे, काढणीला नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याबरोबर उभे राहायचे, मे महिन्यात मुंबईकरांना खोल्या द्यायचे आणि भाद्रपदात आरतीला पेटी वाजवायचे. हे चार धंदे आहेत असं त्यांना वाटतच नसे. आमच्या किनाऱ्यावर एका कामावर वर्ष निघणं कठीणच. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा कोळीवाड्यात जाळी विणायची; जंजिऱ्याच्या होड्या ओढून ठेवल्या की होडीवाला शेतावर दिसणार.

पक्षी मोजायचं काम ओळखीतून, एका अभ्यासगटाकडून आलं. उरणच्या खाड्यांत हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात. ओहोटीला ते चिखलभर पसरलेले असतात. भरतीने चिखल बुडाला की पाणजेसारख्या पाणथळीवर दाटीने गोळा होतात. मोजायचं तेव्हाच. एकेक पक्षी मोजता येत नाही. शंभरांचा एक तुकडा नजरेत धरायचा आणि तो थव्यावरून पुढे सरकवत न्यायचा. अभ्यासगटाच्या ताईंनी पहिल्या दिवशी माझा आकडा स्वतःच्या आकड्याशी ताडून बघितला आणि विचारलं, "हे कुठे शिकलीस?" जेट्टीवर. सुटत्या लाँचसाठी लोटलेली गर्दी एका नजरेत जोखल्याशिवाय तिथे भागत नाही. आणि तुतवार कुठला, चिखल्या कुठला हे चोचीच्या लांबी-जाडीवरून ओळखायला लागले, ते आखणीमुळे.

इथे माझी सुगरणीशी फारकत होते. तिच्या नराची अर्धी घरटी झावळीवर सुकून जातात. माणसाचं तसं नाही. सोडलेल्या कामातला धागा पुढच्या कामात येतो. सालिम अलींची म्युझियममधली नोकरी गेली, पण अडाण्याला समजेल असं सांगण्याची सवय गेली नसणार. १९४१ साली आलेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरच्या पुस्तकाने सामान्य माणसाच्या हाती पक्षी ओळखायची किल्ली दिली. एक गोष्ट मात्र नराकडून घ्यावी: अर्धं तरी विणून दाखवल्याशिवाय पसंती-नापसंती कळत नाही. घरात बसून आवड शोधणाऱ्याला ती सहसा सापडत नाही.

भाची यंदा दहावीला आहे. "मावशी, कुठली लाइन घेऊ?" म्हणते. तिच्या यादीत इंजिनिअर, डॉक्टर, सीए आणि स्पर्धा परीक्षा. मी तिला अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेबद्दल सांगितलं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याची उपकरणं बिघडणार, म्हणून १९०४ साली ती इकडे आली. इमारतीत लोखंड वापरायचं नाही असं ठरवून बांधली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणं हे तिथल्या माणसांचं रोजचं काम. समोरच्या खांदेरी बेटावर १८६७ पासून दीपगृह आहे. तो दिवा सांभाळणं हीसुद्धा कुणाची तरी नोकरी होती.

"पगार किती असतो?" तिने लगेच विचारलं.

प्रश्न रास्त आहे. पक्ष्यांचे पैसे मला हिवाळ्यापुरतेच मिळतात आणि गणपतीआधी मी अजूनही हमरापूरला आखणीला जाते. दोन्ही कामांत माझं मन लागतं. एकटं कुठलंच पुरलं नसतं. तिला म्हटलं, जा, तिथल्या माणसांनाच विचार. पगार विचारच. शिवाय हेही विचार, की दिवसभर हाताने नेमकं काय करता, कंटाळा कशाचा येतो, आणि पावसाळ्यात काय करता.