हरिपूरच्या संगमापर्यंत

कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते. सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा तिच्यात विसर्जित होते. या दोन्ही नद्यांच्या काठाने वर जाऊ लागले, की वडिलोपार्जित भूमीचा एक जुना पेच उलगडत जातो.

१९६०च्या दशकात सातारा जिल्ह्यातील पाटण व जावळी तालुक्यांतील अनेक गावे कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेली. पुढे वारणेवरील चांदोली धरणामुळे सांगली जिल्ह्यातील शिराळ्याच्या डोंगरी भागातील माणसांना गाव सोडावे लागले. देव्हाऱ्यातील देव बरोबर नेता आले. शेत, पाणवठा आणि पूर्वजांची स्मशानभूमी मागेच राहिली.

कोयनेच्या वेळी पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. त्यामुळे अनेक कुटुंबांचा हक्काच्या जमिनीसाठीचा लढा पुढच्या पिढ्यांवर आला. १९७६च्या कायद्याने एक सूत्र घालून दिले: धरणाचे पाणी ज्या लाभक्षेत्राला मिळते, त्यातील मोठ्या खातेदारांनी विस्थापितांसाठी जमिनीचा वाटा द्यावा. मग सखल भागातील सातबाऱ्यांवर ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा चढला आणि खरेदी-विक्री अडली. आजोबांनी राखलेल्या बांधावर अनोळखी माणूस ताबा मागू लागला. कृष्णा-वारणाकाठी पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या जैन कुटुंबांना ही व्यथा समजावून सांगावी लागत नाही.

जगाच्या पाठीवर हा पेच रक्तरंजित झालेला दिसतो. ज्यूंनी शतकानुशतके जेरुसलेमकडे मुख करून प्रार्थना केली. पॅलेस्टिनी कुटुंबे १९४८ साली सुटलेल्या घरांच्या किल्ल्या आजही जपतात. सातारा-सांगलीत युद्ध नव्हते, वैरही नव्हते. तरीही एकाच मातीला दोघे ‘माझी’ म्हणाले, आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते.

अनेकान्तवाद अशा ठिकाणी कसाला लागतो. दोन्ही बाजूंत सत्यांश आहे, एवढे म्हणून व्यवहार मिटत नाही; व्यापारी हे उत्तम जाणतो. जमेची बाजू लिहून नावेची बाजू कोरी ठेवणारी खतावणी जुळत नाही. कोयनेच्या विजेवर दिवे लागले, वारणेच्या पाण्यावर ऊस वाढला. हा लाभ ज्यांच्या त्यागातून आला, त्यांचे देणे समाजाच्या नावे आहे. ते देणे एकट्या खातेदाराच्या माथी मारणे हाही अन्यायच. लाभ घेणाऱ्या प्रत्येकाने त्यातील आपला वाटा ओळखावा, हाच अपरिग्रहाचा व्यवहारातील अर्थ.

हरिपूरच्या घाटावर उभे राहिले, की कोयनेचे पाणी कोणते आणि वारणेचे कोणते, हे सांगता येत नाही. मात्र ज्यांची गावे त्या पाण्याखाली गेली, त्यांची नावे सांगता येतात.