रविवारची संध्याकाळ

आमचे चिरंजीव सूनबाईंसह लंडनास असतात. शनिवारी घरकामे उरकून रविवारी उभयतां भाकरी-शेंगाचटणीचा डबा घेऊन ग्रीनिचच्या टेकडीवर निवांत बसतात. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने शून्य रेखांश तेथेच मानिले. आपल्या प्राचीन ज्योतिषाची मध्यरेषा उज्जयिनीची. आमचे वळसंग जवळजवळ तिच्यावरच वसले आहे. अंतर सुमारे ७६ अंश. अंशास चार मिनिटे धरता त्यांचे मध्याह्न आमच्याहून पाच तास मागे. जूनमध्ये तर तिकडे सूर्यास्तच रात्री नऊनंतर!

“मामंजी, संध्याकाळ फार लांबते हो,” सूनबाई टेलिफोनवर म्हणाल्या. त्या लांबण्याचे गणित पंचांगात नाही. ‘परत या’ हे शब्द आमच्या ओठांवर येतात. परंतु कष्टाने संसार मांडणाऱ्यांस ते ऐकविणे उचित नव्हे. रविवारचा चहा मात्र आम्ही त्यांच्या भोजनसमयी घेऊ लागलो आहो.